बटाट्याचं पाणी

अनगोळातले आमचे शेजारी आप्पा बटाटे उकडतात ते पाण्यासाठी. बटाटे गल्लीत वाटतात. पाण्यात साखर आणि ते जेलीसारखं घट्ट करणारं आगर घालून काचेच्या बशांत ओततात आणि त्यावर बुरशी वाढवतात. कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले, बुरशी मात्र झाली नाही. फ्रिजच्या एका कप्प्यात बशा, दुसऱ्यात लसणाची चटणी. बशांवर चिठ्ठ्या असतात, चटणीवर नसते. म्हणून पाहुणे चटणी घेत नाहीत.

गजकर्णाची बुरशी आता जुन्या मलमांना जुमानत नाही, नवं औषध मातीतल्या जिवाणूंकडेच मिळणार, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी गुंजीची, हिंडलग्याची माती पुड्या बांधून आणतात. पण जिवाणू एकटा वाढवला तर खाऊनपिऊन गप्प बसतो. मग आप्पा त्याच बशीत शेजारी बुरशी लावतात. "शेजार वाईट मिळाला की हत्यार काढतंय बघ," हे त्यांचं ब्रीद. जिवाणूभोवती बुरशी अडली आणि स्वच्छ पट्टा राहिला, तर त्यानं काहीतरी सोडलं. वर्षभर असा पट्टा काही दिसला नव्हता.

मी चळवळीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर वाढलेली. अन्याय दिसला की लिहिते, आणि लिहिलं की आप्पा विरोधात. तुंबलेल्या गटारावर लिहिलं तर म्हणाले, "शिव्या देऊन गटार वाहतंय व्हय गं?" चिडून मी पुन्हा लिहायची आणि दुसरं पत्रक हमखास धारदार व्हायचं. त्यांची बायको, आक्का, होती तोवर ही भांडणं तिच्या वाट्याला होती. ती गेल्यावर माझ्याकडे आली, उकडलेल्या बटाट्यांसकट.

मग मला निपाणीच्या शाळेत नोकरी लागली. राहायलाही तिकडेच. सांगायला गेले तर आप्पांनी पहिल्यांदाच विरोध केला नाही. "जा की," म्हणाले आणि पुसलेल्या बशा पुन्हा पुसत बसले.

पहिल्याच रविवारी घरी आले. आप्पांनी एक बशी पुढं केली. जिवाणूच्या ठिपक्याभोवती नखाएवढा स्वच्छ पट्टा. चिठ्ठीवर लिहिलेलं, मंगळवारी दिसला.

मंगळवारपासून कुणालाच सांगितलं नाही? मी विचारलं.

"भांडायला कोन हुतं?" आप्पा म्हणाले. "माझं मलाच खरं वाटून काय उपेग?"

मी बशी उजेडात धरली. म्हटलं, तिथलं आगर सुकलं असेल, म्हणून बुरशी पोचली नाही.

आप्पांनी खुर्ची ओढली. "तुला काय कळतंय गं यातलं," म्हणाले, आणि बटाट्यांचं पातेलं माझ्याकडं सरकवलं.