मेलेल्या माणसानं दार उघडू नये

टिटवी नावाचं यान फुटायला आलं, तेव्हा आजोबा चहात बिस्किट बुडवत होते. यान खोटंच होतं. पुठ्ठ्याचे चौकोन, पत्त्यांचा एक गठ्ठा आणि दोन फासे, एवढाच त्याचा जेवणाच्या टेबलावरचा संसार. पण दर रविवारी दुपारी घरातली चारही माणसं त्यात बसत आणि अगदी खऱ्या खलाशांसारखी तोंडं गंभीर करत.

सून औषधांच्या दुकानात काम करायची. तिचा शब्द घरात औषधासारखाच मोजून यायचा आणि मुकाट्यानं गिळला जायचा, म्हणून यानाची कप्तान तीच. मुलगा चालक. खेळ घरात आणला होता नातीनं. ती परिचारिकेचं शिक्षण घेत होती, पण यानात तिनं स्वतःला थेट डॉक्टर करून घेतलं होतं. आजोबांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या, त्यामुळे इंजिनघर आपसूक त्यांच्याकडे आलं.

त्या रविवारी इंजिनाला आग लागली. एवढ्याशा यानाला सुटकेची कुपी एकच. तिच्यात तिघांची जागा, आणि ती सोडायचा दांडा कुपीच्या बाहेर. म्हणजे कोणीतरी मागं राहून तो ओढायचा.

मागं कोणी राहायचं, हे नुसतं खेळापुरतं नव्हतं. लवकरच घर बदलायचं होतं. नवं घर लहान होतं. तिथं आजोबांचं काय, हा प्रश्न प्रत्येकाच्या तोंडाशी यायचा आणि पाण्याच्या घोटाबरोबर परत पोटात जायचा. मुलानं एकदाच, पेपर वाचता वाचता, आत्याच्या गावची हवा चांगली आहे असं म्हटलं होतं.

"दांडा मी ओढतो," आजोबा म्हणाले. "जन्मभर तेच केलंय. माणसं वर पाठवायची आणि आपण खाली थांबायचं."

कोणी नको म्हणालं नाही. फासे पडले, कुपी सुटली, आजोबा मेले.

मेलेल्यांसाठी या घरात एक कायदा होता. मागं एकदा आजोबा डावाच्या सुरुवातीलाच मेले आणि मग उरलेली दुपार सगळ्यांना सल्ले देत बसले. तेव्हा सुनेनंच नियम केला, की मेलेल्या माणसानं डाव संपेपर्यंत बोलायचं नाही आणि कशालाही हात लावायचा नाही. आजोबा नियमाचे पक्के. ते उठले आणि आपल्या खोलीत खिडकीशी जाऊन बसले. चहाचा कप मात्र बरोबर नेला. नियमात चहाचा उल्लेख नव्हता.

मुलाला चैन पडेना. चौथा माणूस मावला असता का, ते बघू तरी, असं तो म्हणाला. नातीनं सांगितलं, खेळातली कुपी साधारण आजोबांच्या खोलीतल्या लाकडी कपाटाएवढी असेल. कपाट रिकामंच होतं. नव्या घरात ते मावणार नाही म्हणून विकायला काढलं होतं आणि आतल्या फळ्याही उतरवल्या होत्या. तिघं आजोबांच्या समोरून जाऊन त्यात शिरली. सुनेचं कोपर मुलाच्या बरगडीत आणि नातीची वेणी त्याच्या तोंडात. दार लावल्याशिवाय खरं माप कळायचं नाही, म्हणून नातीनं दार ओढून घेतलं. बाहेरची कडी कधी मनासारखी लागत नसे. आज ती आपणहून पडली आणि घट्ट बसली.

"अण्णा," सून आतून म्हणाली, "कडी पडली बहुतेक. जरा उघडता का?"

बाहेरून चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला.

मुलानं दारावर थापा मारल्या. नातीनं फटीला डोळा लावला. "आजोबा इकडंच बघतायत. पण ते मेलेत ना, आई."

डाव संपला असं समजा, असं सुनेनं जाहीर केलं. पण कुपी कुठंतरी उतरेपर्यंत डाव संपत नाही, आणि उतरायला फासे टाकावे लागतात, आणि फासे टेबलावर, हे नातीनं दाखवून दिलं. डॉक्टर या नात्यानं तिनं असंही सांगितलं की फटीतून हवा येतेय, कोणी दगावणार नाही; फक्त बाबांनी जेवताना कांदा खायला नको होता.

शेवटी कप्तानानं मत घेतलं. कुपीत चौथी जागा होती, सबब आजोबा मेलेच नाहीत. तिघांनी हात वर केले, म्हणजे जेवढे होत होते तेवढे.

"अण्णा, तुमची जागा केली. तुम्ही जिवंत आहात."

खुर्ची करकरली. पावलं कपाटाशी येऊन थांबली.

"जागा कुठं केली?" आजोबांनी विचारलं. "खेळात, का घरात?"

मुलाच्या तोंडाशी उत्तर आलं. गिळायला या वेळी पाणी नव्हतं.

"घरात," तो म्हणाला. "पण हिला अडचण..."

"मला कसली अडचण?" सून म्हणाली. "पुढच्या खोलीत खाट बसते त्यांची. मी जाऊन मापून आलेय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही हवेचं काढलंत."

"मला वाटलं, तुला तेच हवंय."

"भांडण बाहेर येऊन करा," नात म्हणाली. "माझा पाय मेलाय."

आजोबांनी कडी ओढली. मूठ त्यांच्या हातात आली. कडी जागची हलली नाही.

"मी जिवंत झालो," ते म्हणाले, "पण कडी गेली. पेचकस लागेल."

"कुठं ठेवलाय?" मुलानं विचारलं.

"पेटीत."

"कुठल्या पेटीत?"

"माझ्या."

मग आतल्या तिघांना पलंगाखालून पेटी ओढल्याचा आवाज आला, आणि त्यामागून दोरीच्या गाठी सोडल्याचा. गाठी पुष्कळ होत्या आणि कसून मारलेल्या होत्या. पेचकस तळाशी होता, त्यामुळे वरचं सगळं एकेक करून जमिनीवर आलं.

"आजोबा, पेटी कधी भरलीत?" नातीनं विचारलं.

"गावची हवा चांगली आहे असं कळलं, त्या दिवशी."

कडी स्क्रूसकट निघाली. तिघं बाहेर आली तेव्हा जमिनीवर आजोबांचे शर्ट, दाढीचं सामान आणि चष्म्याचं घर पसरलेलं होतं. आजोबा पुन्हा पेटी भरायला वाकले. सुनेनं पेटी पायानं पलंगाखाली सारली, दोरी उचलली आणि खिडकीबाहेर कपडे वाळत घालायला बांधून टाकली. गाठी तिनंही कसून मारल्या.

मग सगळे टेबलाशी जाऊन बसले. जिवंत माणसाला बोलता येतं, असा नियम होता. संध्याकाळपर्यंत आजोबा सल्ले देत राहिले, आणि त्यांच्या सल्ल्यानं कुपी दोनदा भलत्याच ग्रहावर उतरली. पण त्यांना मारायची सूचना कोणी मांडली नाही.