क्रुसाच्या पायरीवरील पार्सलाची मोहीम

आकाशीच्या बापास नमन, वाडीच्या क्रुसास नमन, आणि वसईच्या मुलखात ज्यांनी ज्यांनी केळीची बाग राखली त्या सर्व वडीलधाऱ्यांस नमन करोन ही हकिकत लिहिली आहे. वसईची एक मोहीम पूर्वी जाहली, तिचे तट अद्याप खाडीच्या तोंडाशी उभे आहेत आणि तिचे वर्तमान सर्वांस ठाऊक. ही दुसरी. हीत तोफ नाही, घोडा नाही, सुरुंग नाही. एक खोके आहे, वीतभर लांब, आणि ते हस्तगत करावयास राजश्री प्लासिडराव, राहणार चाफेआळी, यांस जे श्रम पडले ते पहिल्या मोहिमेहून कमी म्हणवत नाहीत.

ते समयी सन दोन हजार वीस, ऑगस्ट मास. करोना नामे गनीम मुलखात शिरला होता. तो डोळ्यांस दिसेना, तलवारीस सापडेना, आणि त्याच्या दहशतीने चर्चची दारे बंद जाहली, तुळिंजचा बाजार दुपारीच उठू लागला, आणि माणूस माणसास पाहोन रस्ता बदलू लागला. मग चाफेआळीच्या रयतेने मसलत करोन आळीच्या तोंडाशी आडवे बांबू बांधले आणि चौकी बसविली. चौकीवर खासे कॉन्रॅडराव, क्रुसाचे मुखत्यार, नाकातोंडास फडके बांधोन आणि हाती सॅनिटायझरची बाटली धरोन प्लास्टिकच्या खुर्चीवर विराजमान होत. बांबूंच्या बाहेर, डांबरी रस्त्याच्या कडेस, आळीचा जुना क्रूस. त्यास तीन पायऱ्या, आणि पायरीवर नित्य एक मेणबत्ती.

प्लासिडराव केळी आणि सोनचाफा यांच्या बागेचे धनी. यांचे कुटुंब उर्सुलाबाई गतवर्षी याच मासी मूत्रपिंडाच्या दुखण्याने देवाघरी गेल्या. बाई हयात असता फोनवरून जिन्नस मागविणे, आला जिन्नस पारखणे, आणि हरकाऱ्याच्या यंत्रावर बोटाच्या नखाने शेवग्याच्या शेंगेसारखी वाकडी सही करणे, हा सर्व कारभार बाईंकडे. प्लासिडरावांनी कधी लक्ष घातले नाही. आता वर्षाचा दिवस येत्या शुक्रवारी आला, तेव्हा त्यांनी बाईंचाच फोन कपाटातून काढोन, चार्ज करोन, थडग्यावर बसवावयाची चिनी मातीची तबकडी मागविली. तबकडीवर बाईंचा फोटो छापोन येणार होता. चर्च बंद, मिस्सेची उपासना फोनच्या पडद्यावर, आप्तस्वकीयांस बोलावणे नाही, तेव्हा वर्षदिनी निदान तबकडी तरी जागेवर असावी, इतकाच त्यांचा मनसुबा. खात्यावर नाव बाईंचे होते. ते बदलणे त्यांस जमले नाही आणि त्यांनी फारसे जमवूही पाहिले नाही.

इकडे खोके कामणच्या गोदामातून निघाले, गोखिवऱ्याची वाट धरोन पुलावरून पश्चिमेस उतरले आणि सोमवारी दोन प्रहरी चाफेआळीच्या सरहद्दीस पोचले. ऐसे असता कंपनी सरकारचे हरकाऱ्यांस फर्मान होते की, गनिमाचा काळ आहे, गिऱ्हाईकाच्या हातास हात लावू नये, सही घेऊ नये, घेणाऱ्याचे नाव विचारोन आपणच यंत्रात लिहावे आणि पुढे कूच करावे.

सोमवारी सायंकाळी बाईंच्या फोनवर खलिता आला. प्लासिडरावांनी चष्मा लावोन वाचला. त्यात लिहिले होते की पार्सल पोचले, घेणार: उर्सुला, स्वतः.

प्लासिडराव ओसरीवर बसले होते, ते बसलेच राहिले. मग उठोन दाराशी पाहिले, तुळशीसारखी वाढलेली बाईंची पुदिन्याची कुंडी उचलोन खाली पाहिले, मागील दारी पाहिले, आणि खोके कोठेही नाही ऐसे ठरवोन त्यांनी कंपनी सरकारच्या दरबारी फोन लाविला. पुष्कळ वेळ पेटी वाजली, मग एक बाई बोलल्या.

"सर, डिलिव्हरी झालीय. उर्सुला मॅडमनी स्वतः घेतलंय."

"कोणी?"

"उर्सुला मॅडम. मिसेस ना तुमच्या? त्यांनाच विचारा ना सर."

"ती नाहीये."

"मग घरी आल्या की विचारा सर. आणखी काही मदत करू शकते का?"

प्लासिडरावांनी तक्रार गुदरली. रागाने गुदरली की आणखी कशाने, हे त्यांचे त्यांस कळेना. बाईंनी ती घेतली आणि हरकाऱ्याची चौकशी होईल, शुक्रवारी फोन येईल, ऐसे वचन दिले.

दुसरे दिवशी हरकारा खुद्द फोनवर हजर जाहला. नाव धनेश, राहणार कामण, बायको व दोन लेकरे पदरी, आणि भाताची चार गुंठे शेती, ज्यात गतवर्षी पाणी शिरले होते. आवाज घाबरलेला.

"काका, माज्यावर कंप्लेन टाकली ना तुमी? आवो, मी फोन लावला तं बंद. आळीत बांबू. त्या खुर्चीवाल्या अंकलला हाक मारली तं ते घोरत होते. बाहेर पानी पडत व्हतं. मग इचार केला, देवाच्या पायाशी ठेवावं, तिथं कोन हात लावनार?"

"कुठल्या देवाच्या?"

"तुमच्याच. क्रुसाच्या पायरीवं ठेवलं. पाया पडलो नि निंगालो. आन् नाव कोनतं टाकू, पाकिटावं व्हतं तेच टाकलं. आता गाडी बंद करतील माजी."

प्लासिडरावांनी फोन ठेविला आणि चप्पल न घालता चौकीकडे दौड केली.

आता या आळीचा रिवाज सांगणे प्राप्त आहे. क्रुसाच्या पायरीवर जो जिन्नस ठेविला तो क्रुसाचा. पहिला भोपळा, पहिला घड, अंडी, चाफ्याची परडी, जे जे ठेवाल ते ते रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना, तिच्या उपरांतिक लिलावात निघते आणि त्यातून क्रुसाची रंगरंगोटी होते. पैका नको त्यास जिनसांनी बोली. ठेवलेला जिन्नस परत उचलावयाची मुभा कोणास नाही. पूर्वी एकदा सॅन्टनमामांची कोंबडी आपल्या पायांनी पायरी चढोन बसली, तर तीही लिलावात निघाली, आणि मामांनी आपलीच कोंबडी नारळांच्या बोलीवर सोडवोन आणली. मामा त्या दिवसापासोन कोंबडी पाळीत नाहीत.

कॉन्रॅडरावांनी पायरीवरील खोक्यावर पावसाचे बंदोबस्तासाठी निळी बादली पालथी घातली होती आणि बादलीवर धोंडा ठेविला होता. प्लासिडरावांनी बांबूखालून वाकोन बादलीस हात घातला, तोच मुखत्यारांनी खुर्ची मागे लोटली.

"प्लासिड! हात काढ."

"माझं पार्सल आहे."

"पायरीवर आहे."

"चुकून ठेवलं. पोरगा कामणचा आहे, त्याला काय ठाऊक?"

"सॅन्टनची कोंबडी पण कामणची होती? उद्या कोणीही येऊन म्हणेल, हा भोपळा माझा, चुकून ठेवला. आणि नाव बघ. उर्सुलाचं. तुझं कुठंय?"

प्लासिडरावांनी पुराव्यादाखल फोनवरील खलिता दाखविला. येथे त्यांची चूक जाहली. कॉन्रॅडरावांनी तो हात लांब धरोन वाचला, मग पुन्हा वाचला, आणि फडक्याच्या आडून म्हणाले, "हे काय, सरळ लिहिलंय. उर्सुलानं स्वतः घेतलं. घेतलं ते घेतलं आणि क्रुसाला ठेवलं. तिनं दिलेलं तू परत उचलणार होय रे?"

हा युक्तिवाद ऐकोन दोन घरच्या खिडक्या उघडल्या. बातमी आळीभर जाहली. उर्सुलाबाईंच्या नावाचे काही तरी क्रुसाच्या पायी आले आहे, वर्षाच्या तोंडावर आले आहे, आणि सही त्यांनी स्वतः दिली आहे, ऐसे बोलणे घरोघर चालले. म्हाताऱ्यांनी कपाळास क्रूस केला. आत काय आहे ते प्लासिडराव सांगते तर मोहीम तेथेच सरती. परंतु सांगावयास जात, आणि "पार्सल आहे, पार्सल" इतकेच म्हणोन घरी परतत. थडगे हा शब्द त्यांनी वर्षभरात कोणापाशी उच्चारला नव्हता.

मग तह व्हावा तरी कसा? लिलाव रोझरीउपरांत, आणि रोझरीस जमाव करावयाची सरकारची मनाई. मुखत्यारांचे म्हणणे, गनीम गेल्यावर लिलाव करू. गनीम केव्हा जाणार, याचा जाब त्यांजपाशी नव्हता. प्लासिडरावांनी तीन वेळा अर्ज केला, रयतेच्या दारी जाऊन अंतर राखोन विनवणी केली. अखेर जीना, म्हणजे चर्चच्या गायनमंडळातील, जिचा आवाज शेजारच्या गावी पोचतो, तिणे तोड काढली की प्रत्येकाने आपल्या ओसरीवर उभे राहावे, जमाव न करता रोझरी म्हणावी, आणि ती गच्चीवरून बोल्या पुकारील. हे सर्वांस मानवले. मुखत्यारांनी फर्मान काढले की लिलाव गुरुवारी सायंकाळी.

गुरुवार आला. पाऊस थांबला होता. दोन्ही बाजूंस ओसरीवर माणसे, तोंडास फडकी, हाती माळा. रोझरी एका टोकास सुरू व्हावी आणि दुसऱ्या टोकास ती एक ओळ मागे पडावी, ऐसे होता होता कशी तरी संपली. मग जीना गच्चीवरून गर्जली, "उर्सुलाबायच्या नावाचं पार्सल! बोला!"

"एक घड," प्लासिडराव म्हणाले.

"दोन!"

ही बोली समोरील घरातून आली. प्लासिडरावांनी पाहिले तो जोआनाबाई, उर्सुलाबाईंची बालमैत्रीण, कमरेस पदर खोचोन ओसरीच्या पायरीवर उतरल्या होत्या. गनीम असा घरासमोरून उठेल ऐसे त्यांच्या स्वप्नी नव्हते.

"तीन," प्लासिडराव म्हणाले.

"चार, आणि माझा फणस," जोआनाबाई म्हणाल्या.

"जोआना, तुला काय करायचंय ते?"

"तिचं नाव आहे त्यावर. तिचं साडी-लुगडं मागितलं का मी तुझ्याकडं? चमचा तरी मागितला? हे एक पाहिजे. तू पुढं बोल नाही तर गप बस."

जीना गच्चीवरून पुकारीत राहिली, रयत माना फिरवीत राहिली. पाच, सहा. प्लासिडरावांनी बागेतील पिकावर आलेला, मग कोवळा, मग फुलातला घड बोलीस लाविला. जोआनाबाईंनी नारळ काढले, विड्याची पाने काढली, दारचे पपईचे झाड फळांसकट लाविले. अखेर प्लासिडरावांची फौज सरली. बागेत उभ्या केळींखेरीज काही उरले नाही, आणि सोनचाफा त्यांस लाववेना, कारण तो बाईंनी लावलेला.

"एकवार!" कॉन्रॅडराव म्हणाले. "दोनवार!"

तेव्हा प्लासिडराव ओसरीवरून खाली उतरले, तोंडावरील फडके हनुवटीखाली ओढले, आणि आळीच्या मध्यभागी उभे राहोन म्हणाले, "जोआना, त्यात तिचा फोटो आहे. थडग्यावर लावायचा. उद्या वर्ष आहे."

गच्चीवर जीनाने ही बोली पुकारली नाही.

जोआनाबाई पदर सोडोन म्हणाल्या, "मेल्या, मग आधी तोंड उघडायला काय झालं होतं? तीन दिवस आळी झोपली नाही." आणि नाक पुसोन मुखत्यारांस हुकूम केला, "कॉन्रॅड, माझी बोली गेली. दे त्याला."

कॉन्रॅडरावांनी धोंडा काढला, बादली उचलली, खोक्यावर चहूबाजूंनी सॅनिटायझर उडविले आणि दोन हातांनी ते प्लासिडरावांस दिले. तो फुलातला घड मात्र क्रुसाच्या नावे लिहोन घेतला, कारण मुखत्यार ते मुखत्यारच. प्लासिडरावांनी कोयत्याने चिकटपट्टी कापली. आत कापूस, कापसात तबकडी, आणि तबकडीवर उर्सुलाबाई, लाल लुगड्यात, जोआनाबाईंच्या लेकीच्या लग्नात हसताना. फोटो दोघींचा होता. छापणाराने जोआनाबाईंस पुसोन टाकले होते, परंतु बाईंच्या खांद्यावर एक हात बांगड्यांसकट राहून गेला होता, कोणाचाच नसल्यासारखा.

जोआनाबाई अंतर विसरोन जवळ आल्या. "हात माझा आहे," त्या म्हणाल्या.

"राहू दे," प्लासिडराव म्हणाले.

शुक्रवारी सकाळी दफनभूमीत प्लासिडराव, जोआनाबाई आणि गवंडी, इतकीच माणसे गेली, कारण इतक्यांचीच परवानगी होती. सिमेंट ओले असता कंपनी सरकारचा फोन आला. चौकशी करणाऱ्या बाईंनी, तक्रार नोंदलेली आहे, हरकारा धनेश यास कामावरून काढावे की कसे ते ठरावयाचे आहे, ऐसे सांगोन विचारिले, "सर, पार्सल नक्की कोणाच्या हातात पडलं?"

प्लासिडरावांनी तबकडीकडे पाहिले.

"उर्सुलाच्या."

"म्हणजे मॅडमनी स्वतः घेतलं? एंट्री बरोबर आहे?"

"बरोबर आहे. स्वतः घेतलं."

"मॅडम घरी आल्या वाटतं, सर?"

"हो," प्लासिडराव म्हणाले. "आली."

मग तक्रार मागे घेण्यात आली, धनेशची गाडी कामणच्या गोदामातून पूर्ववत् कूच करती जाहली, आणि पुढे तो चाफेआळीस येई तेव्हा पायरीकडे न पाहता खुर्चीजवळ उभा राहोन कॉन्रॅडरावांस आधी जागे करी. चाफेआळीचे पार्सल सन दोन हजार वीस, ऑगस्ट मासी, शुक्रवारी, सही नसता, शिक्का नसता, धन्याच्या हाती येऊन जागेवर बसले. खांद्यावरील हातासह. फत्ते जाहली, म्हणोन नोंदले.