नानांचा एकशे साठ

आमच्या शेजारच्या नानांकडे दोंडाईच्यातल्या प्रत्येक आवाजाचा आकडा आहे. माझ्या कुकरची शिट्टी साडेतीन हजार. दूधवाल्याचा भोंगा चारशे दहा. भाजीवाली मावशी दारात ओरडली की नाना जुडी हातात घेऊन तिला सांगतात, "काल तीनशे होता, आज दोनशे ऐंशी. घसा धरलाय. सुंठ घे."

मावशी म्हणते, "मेथी मोजा नाना, माले काय मोजतस?"

नाना कापसाच्या जिनिंगमध्ये गाड्या वजन करायच्या भुईकाट्यावर होते. निवृत्त झाले तेव्हा तिथला जुना कॉम्प्युटर घरी घेऊन आले. मोबाईलवर बघून बघून त्यांनी त्यात एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. स्पीकरचा पडदा सेकंदाला किती वेळा हलवायचा तो आकडा द्यायचा, की तसा सूर निघतो; माईकपुढे आवाज केला, की उलट त्याचा आकडा दिसतो. सात बटणांना कुंकवाचे ठिपके लावून त्यांनी सारेगम बसवली. पहिल्यांदा आरती वाजवली तेव्हा आमची शेळी उठून गल्लीच्या टोकाला जाऊन बसली.

नानांचा स्वतःचा आवाज फार बारीक. फोनवर लोक त्यांनाच म्हणतात, "ताई, जरा नानांना द्या."

घरात ते आणि त्यांची मोठी बहीण अक्का, दोघंच. दोन वर्षांपासून अक्कांना ऐकू येईना. कानातलं यंत्र आणलं, तर त्यात रातकिडे ओरडतात म्हणून त्यांनी ते मिसळणाच्या डब्यात ठेवून दिलं. नानांची हाक तर मुळीच पोचत नसे. एकदा त्यांनी मागून खांद्याला हात लावला, तर अक्का इतक्या दचकल्या की तूर पाखडायचं सूप हातातून सुटलं. तेव्हापासून नाना त्यांच्यासमोर जाऊन उभे राहायचे आणि त्या कधी वर बघतील याची वाट बघायचे.

एक दिवस मी त्यांचं ताट परत द्यायला गेले. मागच्या दारातून म्हणाले, "अक्का, ताट ठेवते." अक्कांनी वळून पाहिलं.

नाना खुर्चीतून उठलेच. माझा आवाज जाडा. शाळेत मुली हसायच्या, म्हणून मी तेव्हापासून कमीच बोलते. नानांनी मला कॉम्प्युटरपुढे बसवलं. "माय, परत बोल. तेच बोल."

ताट ठेवते, ताट ठेवते, असं मी चार वेळा म्हणाले. आकडा आला एकशे साठ. मग नानांनी तोच सूर वाजवला. मागच्या अंगणात तूर पाखडणारे अक्कांचे हात थांबले.

आता सगळ्यात लांबट, स्पेसच्या बटणावर एकशे साठ आहे. एकदा वाजला की चहा, दोनदा वाजला की जेवण. गल्लीत म्हणतात, नानांनी घरात म्हैस बांधली.

काल दुपारी मी त्यांच्या मागच्या अंगणात, अक्कांजवळ पापड वाळत घालत होते. त्यांचं चहापाणी, जेवण, सगळं उरकलं होतं. तरी सूर वाजला.

"काय शे रे भाऊ?" अक्का म्हणाल्या.

जरा वेळाने पुन्हा वाजला.

"आठेच शे रे मी," इथंच आहे, असं त्यांनी मान वर न करता सांगितलं.

मी खिडकीतून पाहिलं. नाना डोळे मिटून बसले होते, बोट बटणावर. माझी चाहूल लागली तसे ओशाळले. म्हणाले, "तपासत होतो. आकडा सरकला तर नाही ना."

मी मान हलवली आणि पापड उलटायला लागले. थोड्या वेळाने त्यांनी परत तपासलं.

"आठेच शे रे भाऊ."