चालणारं अक्षर

आबिड्समधल्या एका हॉटेलातून वामनराव भुकेलेच उठले, कारण मेनूकार्डावरच्या ‘बिर्याणी’ची अक्षरं खोटी तिरपी होती.

“साब, बिर्याणी असली है,” वेटर काकुळतीला आला.

“बिर्याणी असली होगी मियाँ, अक्षर नक्ली है!”

ते बाहेर पडले. मागोमाग मीही, भुकेला.

आमच्या जाहिरातींच्या ऑफिसात वामनराव सगळ्यांत जुने. उदगीरहून पदवी घेऊन मी इथे आलो, तेव्हा अक्षर लहान असतं किंवा मोठं, एवढंच मला ठाऊक होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. शिकवणारा भेटला की खिशातलं पेन आपोआप बाहेर येतं. वामनरावांनी पहिल्याच दिवशी एक इंग्रजी टाइप पडद्यावर मोठा करून दाखवला. जाड, तिरपा, टोकांना नाजूक पावलं फुटलेला.

“उभं अक्षर कॉम्प्युटरवर नुसतं कलतं केलं, की ते ढकललेलं अक्षर. हे चालणारं. याचा छोटा ‘ए’ बघ, वेगळाच काढलाय, हातानं लिहितो तसा गोल. ‘एफ’ची शेपटी ओळीखाली उतरते. अंगानं जाड, पण चाल किती हलकी!”

तेव्हापासून मीही दुकानांच्या पाट्यांसमोर थांबून ‘ए’ तपासतो. बस चुकते.

हा टाइप वापरायला मात्र ते भलते कंजूष. “तिखट आहे हे. एका पानात एकच शब्द.” कोठी भागातल्या एका चष्मेवाल्याला अख्खी जाहिरात त्यातच हवी होती. “नक्को मियाँ! सगळेच ओरडले तर ऐकणार कोण?” म्हणत वामनरावांनी फक्त ‘टुडे’ हा शब्द ठळक तिरपा ठेवला. चष्मेवाला आठवडाभर बोलला नाही.

मग त्यांच्या मुलीचं, केतकीचं लग्न ठरलं. ती इथेच परमुलखात वाढलेली, मराठी अडखळत वाचते, म्हणून पत्रिका इंग्रजीत. छपाईला द्यायच्या आदल्या संध्याकाळी मी कुकटपल्लीला त्यांच्या घरी गेलो, तर केतकी कॉम्प्युटरसमोर कमरेवर हात ठेवून उभी.

“बाबा, ये क्या है? माझं नाव साधं, त्याचं साधं, आणि आईचं एवढं ठळक? वर तिरपं? आधी ‘लेट’ लावलेलं, गेलेल्या माणसाचं नाव असं कोण छापतं? सासरचे काय म्हणतील? दादा, तुम्ही तरी सांगा ना यांना!”

दादा म्हणजे मी. वामनराव चिडतील असं वाटलं होतं. ते चिडले नाहीत.

“लग्नाला कशी यायची तुझी आई, आठवतं? एका हातात पर्स, दुसऱ्या हातात आहेराची पिशवी. उशीर झालेलाच. थोडी पुढे झुकून, पटापट. एवढी जाडजूड बाई, पण पावलं वाजायची नाहीत.” त्यांनी ‘विमल’मधल्या गोल ‘ए’वर बोट ठेवलं. “उभं छापलं की थांबल्यासारखी दिसते, बेटा. असं छापलं की येतेय.”

केतकीने खुर्ची ओढली. वडिलांच्या शेजारी बसली.

“मग ते ‘लेट’ तरी बारीक करा.”

“सगळ्यांत बारीक तेच आहे.”

“जरा लांब सरकवा.”

वामनरावांनी माऊस धरला. ‘लेट’ आणि ‘विमल’ यांच्यात हळूहळू जागा पडू लागली.

“बस?”

“अजून थोडं, बाबा.”