बंद गाडीतली शिकवणी

"आमच्या गाडीनं आजवर कधी दगा दिलेला नाही!"

हे वाक्य मास्तर दिवसातून एकदा तरी म्हणायचे. ऐकायला कुणी नसलं तर फाटकाला ऐकवायचे. निवृत्त झाले, चष्म्याचा नंबर वाढला, पण शिकवायची खोड काही सुटली नाही. शाळेत असताना या गृहस्थांनी मुलांना पोहणंसुद्धा फळ्यावर खडूनं शिकवलं होतं! तेव्हा बायको आपण होऊन "मला गाडी शिकायचीय" म्हणाली, त्या दिवशी मास्तरांना केवढं भरतं आलं म्हणून सांगू!

काकूंना, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी पहिलीवहिली नोकरी चालून आली होती. वस्तीपासून लांब एका रोपवाटिकेत रोपांची देखरेख करायची. सगळा जन्म खिडकीतल्या कुंड्यांवर भागवलेली बाई, नुसत्या कल्पनेनंच तिचा चेहरा उजळला. पण तिकडे बस जात नव्हती. मालकीणबाईंनी स्पष्ट सांगून टाकलं होतं, "सोमवारी लायसन्स घेऊन या. नाहीतर मला दुसरी कुणीतरी बघावी लागेल."

मास्तरांनी शिकवणी सुरू केली. पद्धत अगदी शास्त्रशुद्ध! "आधी गाडीशी ओळख, मग गती!" रोज संध्याकाळी दोघं फाटकाच्या आत उभ्या असलेल्या गाडीत जाऊन बसायची. इंजिन सुरू करायचं नाही. किल्ली फक्त अर्धी फिरवायची.

"दिवे!" की काकू दिवे लावणार. "वायपर!" की कोरड्या काचेवर कर्र कर्र सुरू. "उजवीकडे वळतोय आपण!" की इंडिकेटरची टकटक. वळत कुणीच नसे! मग दिव्यांच्या उजेडात समोरच्या भिंतीकडे बघत मास्तर क्लचवर व्याख्यान द्यायचे. हॉर्न वाजला की शेजारच्या वहिनी खिडकीतून डोकावायच्या.

"कुठे निघालात, भाऊजी?"

"कुठेच नाही!" मास्तर अभिमानानं सांगायचे.

दोनच गोष्टी त्यांना खटकायच्या. एक म्हणजे पेट्रोल. गाडी जागची हलत नसताना काटा खाली कसा येतो? "ऊन फार आहे हल्ली," काकू म्हणायच्या. दुसरी म्हणजे सीट. एखादवेळी स्वतः स्टिअरिंगपाशी बसायला गेले की गुडघे थेट त्यावर आपटायचे. "या वयात माझे पाय लांब झालेत की काय?" त्यांनी डॉक्टरांनासुद्धा विचारून घेतलं.

शुक्रवारी सकाळी लायसन्सची परीक्षा होती. गुरुवारी मास्तरांनी रंगीत तालीम ठेवली. दिवे, वायपर, इंडिकेटर, पंखा, शिवाय रेडिओ! "चालवणाऱ्याचं मन प्रसन्न पाहिजे," म्हणाले. सगळ्या वस्तीतली पाखरं त्या दिव्यांवर गोळा झाली, तेव्हा कुठे तालीम संपली.

शुक्रवारी मास्तरांनी थाटात किल्ली फिरवली. टक्.

पुन्हा फिरवली. आता टक् पण नाही!

"अहो," काकू कळवळून म्हणाल्या, "आजच कशी बंद पडली हो? आज नाही गेले तर सोमवारची नोकरी गेली माझी."

"बंद कसली पडतेय? आपली गाडी आहे ती! जरा ढकलली की झालं!" मास्तरांनी शेजारच्यांना, म्हणजे वहिनींच्या यजमानांना, हाक मारली. ते बिचारे बनियनवर धावत आले. त्यांनी जोर लावला. पुन्हा लावला. चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला, पण गाडी ढिम्म!

"अहो, हँडब्रेक!" काकू ओरडल्या.

मास्तरांनी हँडब्रेक सोडला, तशी गाडी एकदम निघाली आणि थेट फाटकाच्या मधोमध जाऊन थांबली. समोरून ढकलणारे शेजारचे अंगणात आडवे. आता घरात शिरायचं तर गाडीवर चढूनच!

तोवर काकूंनी बाजूला जाऊन फोन लावला होता. बोलणं एवढंच झालं, "अगं, ये लवकर. हो, तीच गाडी. नाही, आज झोपलेले नाहीत."

थोड्याच वेळात वळणावरून एक पिवळी व्हॅन सुसाट आली. आतून एक दणकट बाई उतरली. तिला सगळी वस्ती बॅटरीवाली म्हणायची. ज्याची गाडी जिथे बंद पडेल तिथे जाऊन ती सुरू करून द्यायची, हा तिचा धंदा. आवाज असा, की पलीकडच्या रस्त्यालाही आपली चूक कळावी!

"काय काकू, आज सकाळी सकाळीच?"

"बाई, आमचं बॉनेट तसं उघडत नाही," मास्तर लगबगीनं पुढे झाले. "त्याला आधी एक..."

ती गाडीवरून चढून आत उतरली आणि तिनं डाव्या कोपऱ्यावर गुद्दा हाणला. बॉनेट उघडलं!

"ही खोड तुम्हाला कशी ठाऊक?"

"गाडीचं मन कळतं मला, काका! सरका बाजूला!" तिनं लाल चिमटा लावला, काळा लावला, हातातल्या पेटीचं बटण दाबलं आणि गाडी घुर्रकन जागी झाली. "आता अर्धा तास बंद करायची नाही. चालतीच ठेवायची!"

मास्तर गुडघे दुमडून, पण ऐटीत स्टिअरिंगपाशी बसले. पण घाईघाईत क्लचवरचा पाय सुटला आणि गाडी आचका देऊन बंद! पुन्हा चिमटे, पुन्हा घुर्र, पुन्हा आचका!

"काका, उतरा! काकू, बसा!"

"अहो, ती कशी बसेल? आमचा पहिला गिअर कालच झालाय! रिव्हर्स अजून घेतलाच नाही!"

काकू बसल्या. सीट पुढे घ्यावी लागली नाही, ती पुढेच होती. गाडी फाटकातच होती, तरी काकूंनी आरशात बघितलं, रिव्हर्स टाकला आणि दोन्ही खांबांना धक्का न लावता अशी अलगद बाहेर काढली, की मास्तरांचा आ वासलेलाच राहिला. डाव्या खांबावरचे सगळे ओरखडे त्यांचेच होते!

वाटेभर मास्तर दोन्ही हातांनी दार धरून बसले होते. हळूहळू एक हात सुटला. मग दुसरा सुटला. काकू चौकात थांबत होत्या, ट्रकला वाट देत होत्या, गिअर असे बदलत होत्या की कळतसुद्धा नव्हतं. "अगं, काय चालवतेस!" मास्तरांना राहवलंच नाही.

मैदानावर परीक्षक म्हणाले, "इंजिन बंद करा. आता पुन्हा सुरू करून दाखवा."

कुंपणाबाहेर मास्तरांनी कुंपण घट्ट पकडलं. काकूंनी किल्ली फिरवली. घुर्र! मग चढावर थांबल्या, उतारावर वळल्या, आठाच्या आकड्याच्या वळणातून एकही खांब न पाडता बाहेर आल्या. पास! मास्तर डोळे पुसत कुंपणापाशी उभ्या असलेल्या प्रत्येकाला सांगत सुटले, "नुसत्या बंद गाडीवर शिकलीय हो! माझी पद्धत!"

घरी आले तर बॅटरीवाली फाटकाशी हजर. पास झाल्याचं ऐकून तिनं काकूंना उचलायचंच बाकी ठेवलं. "वा, काकू! म्हणजे आता आपलं दुपारचं फिरणं बंद!"

"दुपारचं?" मास्तर म्हणाले.

काकूंनी खाली बघितलं. "तुमच्या शिकवणीनं रात्री बॅटरी उतरायची. दुपारी तुम्ही झोपलात की हिला बोलवायची. चालू केलेली गाडी थोडी चालवून आणावीच लागते ना? मग ही शेजारी बसायची आणि मी चालवायची. मला वाटलं, तुम्हाला सांगावं. पण दिवे लावताना तुम्ही किती खूश असायचा हो! तुमचं मन मोडवेना."

मास्तर पायरीवर बसले. सीट, पेट्रोल, लांब झालेले पाय, सगळं एकदम डोक्यात शिरलं. राग यायला हवा होता. पण समोर हातात कागद घेऊन उभी असलेली, घामानं डबडबलेली बायको इतकी छान दिसत होती, की आलाच नाही.

"तुमच्यामुळेच शिकले," काकू हळूच म्हणाल्या. "रोज बंद पडली नसती, तर मला रोज कुठून चालवायला मिळाली असती?"

इतक्यात शेजारच्या वहिनी धावत आल्या. "भाऊजी, मलापण शिकवा ना! अगदी अशीच, बंद गाडीत! आमच्या ह्यांची गाडी नुसती उभीच असते!"

मास्तरांनी काकूंकडे बघितलं. बॅटरीवालीकडे बघितलं. चष्मा पुसला, घसा खाकरला आणि पार पूर्वीच्या तोऱ्यात म्हणाले, "अवश्य! आज संध्याकाळी पहिला धडा, दिवे. चांगले तासभर लावायचे! फक्त एक सांगा, वहिनी, तुमचे हे दुपारी झोपतात ना?"