बंद कूलर ऐकणारे काकाजी

भर एप्रिलात, डांबर पायाला चिकटत असताना, आमचे मनोहर काकाजी छत्री घेऊन लोकांच्या खिडक्यांखाली उभे राहत. मान कलती, डोळे मिटलेले. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं.

"काकाजी, काय करून राहिले?" मी खिडकीतून ओरडले.

"लोड पाहून राहिलो. तुझा कूलर काहून बंद हाय वं, मास्तरीण?"

"टाकीत पाणी भरून राहिली."

"मंग ठीक हाय," म्हणत ते पुढच्या खिडकीकडे गेले.

काकाजी खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. तिथल्या कंट्रोल रूममध्ये बसून उद्या विजेची मागणी, म्हणजे त्यांचा लोड, किती चढेल याचे अंदाज बांधायचा त्यांना नाद. तो काही सुटला नाही. लग्नात पहिली पंगत पाहून शेवटच्या पंगतीला जिलबी पुरणार नाही असं ते सांगत, आणि यजमानाचं तोंड उतरे.

त्या एप्रिलात कोरोनाची दुसरी लाट आली होती. तपासणीचा रिपोर्ट लवकर मिळेना, आणि लोक ताप लपवून ठेवत. काकाजींचं म्हणणं साधं होतं. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय कोणी राहत नाही, पण हुडहुडी भरलेल्या माणसाला त्याची हवा सोसत नाही. म्हणजे दुपारी कूलर बंद, तर घरात ताप. गावाला गेलेली घरं ते वजा करत, एसीवाली सोडून देत, लाइट गेली की फेरीच रद्द. बंद कूलरांचा आलेख ते जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढत. काही दिवसांनी कॉलनीतल्या रुग्णांचा आकडा त्याच वाटेनं चढे.

एका सकाळी त्यांनी कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं, "पुढच्या हप्त्यात लोड येऊन राहिला. हनुमान जयंतीचा महाप्रसाद ठेवू नका." लोक चिडले, कोणी काळ्या जिभेचा म्हटलं. पण समितीनं महाप्रसाद रद्द करून ऑक्सिजनची सिलिंडरं आणून ठेवली. पुढच्या आठवड्यात ती सगळी लागली. तरीही माणसं गेली. काकाजींना कोणी शाबासकी दिली नाही, त्यांनाही ती नको होती.

"आता अंदाज चुकला तर बरं वाटन मले," ते एकदा म्हणाले.

त्यांच्या समोरच्या घरात वासुदेवराव राहतात. कंट्रोल रूममध्ये दोघं वर्षानुवर्षं शेजारी बसले, एका डब्यात जेवले. मग एकदा साहेबांसमोर वासुदेवराव त्यांच्या अंदाजाला हसून "याचं पंचांग" म्हणाले, आणि बोलणं तुटलं ते तुटलंच. काकाजी बिनलग्नाचे, वासुदेवरावांची बायको वारलेली. दोन म्हातारे समोरासमोर, एकमेकांकडे पाठ करून. पण काकाजींच्या फेरीत ती खिडकी शेवटची असे, आणि तिथे ते सगळ्यांत जास्त वेळ थांबत.

एका दुपारी त्यांनी माझं दार वाजवलं. हातात छत्री नव्हती.

"वासुदेवचा कूलर बंद हाय, कालपासून." त्यांनी समोरच्या घराकडे बोट दाखवलं. "जाऊन पाह्य नं वं. मले पाहून तो दार नाही उघडणार."

मी मास्क लावून गेले. बराच वेळ कडी वाजवल्यावर खिडकी उघडली. आत घामानं निथळत वासुदेवराव बनियनवर उभे.

"मोटर जळली. दुकानं बंद हायत," म्हणाले. "आन् त्या पंचांगाले सांग, ताप नाही मले."

मी येऊन सांगितलं तसे काकाजी फाटक धरून खाली बसले आणि हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले.

"चुकलो," म्हणाले. "चुकलो वं!"

दुसऱ्या दिवशी ते फेरीला आले नाहीत. त्यांच्या घरातून कूलरचा आवाजही येईना. मी ऑक्सिमीटर घेऊन धावले. दार उघडंच होतं. खिडकीतला कूलर गायब, आणि काकाजी ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन खुर्चीत बसलेले. ताप नव्हता. पहाटे त्यांनी कूलर चाकांच्या स्टँडवरून ढकलत नेऊन समोरच्या अंगणात ठेवला होता, हाक न मारता. वासुदेवरावांनीही काही न विचारता तो आत घेतला होता.

"अशा उन्हात जीव जाईल नं तुमचा," मी चिडले.

"चूप बस वं जरा," ते म्हणाले. "माझा चालू असला की त्याचा ऐकू नव्हता येत. रात्री उठून उठून माझा बंद करून पाहत होतो. आता बसल्या जागी समजते, वासुदेव हाय म्हणून."