मोहिनीचं मोंढ्यातलं वजन

मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आप्पाराव मापाड्यानं आकडा पुकारला की तो शेवटचा, अशी त्यांची ख्याती होती. ही ख्याती पसरवण्याचं काम गेली चाळीस वर्षं ते स्वतःच करत होते! शेतकऱ्याची पोती काट्यावर चढायची, आप्पाराव वजन पुकारायचे आणि आडत्या मुकाट्यानं लिहून घ्यायचा. म्हणूनच नातीचं वजन दर आठवड्याला करा असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा आप्पाराव खुर्चीतून जवळजवळ उठलेच.

नात मोहिनी अकरा वर्षांची. वजन अठ्ठावन्न किलो चारशे ग्रॅम. तिची मान काळी पडली म्हणून घासून घासून अंजना, म्हणजे तिची आई, दमली होती. शेवटी मुलांच्या डॉक्टर प्रियदर्शनी यांच्याकडे तिघंही आले.

"हा मळ नाहीये," डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट पाहत म्हणाल्या. "साखरेचं गणित बिघडायला लागलं की मान अशी होते. यकृतावरही चरबी आलीय. जादा चरबी नुसती बसून राहत नाही, आतल्या पेशींवर ताण आणते. लोखंडावर गंज चढावा ना, तसं आतून होत राहतं. पण वय लहान आहे. आत्ता आवरलं तर सगळं सुधारेल."

"गंज म्हनलं की आमाला कळतं!" आप्पाराव खूश झाले. "मंग त्येल वाढवू का?"

"तेल कमी करायचं!"

"गंज चढलाय आन त्येल कमी?"

आप्पारावांनी सुनेकडे पाहिलं, सुनेनं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी सुस्कारा सोडला आणि गोड, तळलेलं, पाकिटातलं सगळं बंद, दर रविवारी वजन करून वहीच्या पानाचा फोटो मोबाईलवर पाठवायचा, एवढं सोपं करून सांगितलं.

"मामा, जाताना वजनकाटा घिऊ एक," अंजना बाहेर आल्यावर सासऱ्यांना म्हणाली.

"त्या डबड्यावर माझी नात उभी राहनार न्हाई! मोंढ्याचा काटा कशाला हाय?"

रविवारी मोंढा बंद. रिकाम्या शेडमध्ये मोहिनी काट्यावर चढली. आकडा फक्त मापाड्याच्या बाजूनं दिसायचा. आप्पारावांनी तो पाहिला, क्षणभर डोळे मिटले, ओठांत काहीतरी पुटपुटले आणि पत्र्यावरची कबुतरं उडतील अशा आवाजात ओरडले, "सत्तावनऽऽ!"

अंजनानं वहीत लिहिलं. एका आठवड्यात जवळजवळ दीड किलो! आप्पारावांची छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटलं. आनंद साजरा करायला पाव किलो जिलेबी आली. वजन उतरलंय म्हटल्यावर थोडी चालतीच की!

दुसऱ्या रविवारी "साडेपंचावनऽऽ!" तेव्हा अर्धा किलो जिलेबी. मग चोपन्न, मग बावन्न. वजन जसजसं उतरत गेलं, तसतशी जिलेबी चढत गेली. पाचव्या रविवारी साडेपन्नास झालं आणि आप्पारावांनी गल्लीत पेढे वाटले. त्यातले अर्धे मोहिनीनंच फस्त केले.

एकट्या अंजनाचं डोकं भणभणत होतं. "मामा, वजन उतरतंय तर पोरीच्या ड्रेसची शिलाई काहून उसवतीया?"

"धुऊन आखडला आसंल."

"नवा हाय!"

"मंग शिंपी चुकला!"

जगात शिंपी चुकू शकतो, देव चुकू शकतो, पण मोंढ्यातला आकडा? छे!

डॉक्टरांनी पहिल्या फोटोला 'छान' असं उत्तर पाठवलं होतं, दुसऱ्याला 'छान?' आणि पुढच्या दोनला काहीच नाही. पाचव्याला त्यांनी थेट फोन केला.

"पाच आठवड्यांत आठ किलो? अहो, असं वजन गळणं चांगलं नसतं! ताप येतो का तिला? घाम?"

"घाम तर लई येतो, मॅडम!" आप्पारावांनी छातीठोकपणे सांगितलं.

"उद्याच आणा. दोन दिवसांचे कपडे बरोबर घ्या. कदाचित संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागेल."

झालं! सकाळी दारात जीप उभी राहिली. गल्ली गोळा झाली. कुणी अंगारा आणला, कुणी लिंबू. शेजारणीनं लाडू पुढं केला तर मोहिनीनं तो परत दिला. ते पाहून आप्पारावांनी कपाळाला हात लावला. पोर डोळ्यांदेखत झिजत होती आणि आपण पेढे वाटत होतो! त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून तयारच ठेवली होती. फक्त वजन तेवढं भरायचं राहिलं होतं. मोहिनी काट्यावर चढली.

"बासष्ट!" डॉक्टरांनी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. "बासष्टच!"

"काटा बिघडलाय तुमचा," आप्पाराव म्हणाले.

"आजोबा, दोन आकड्यांपैकी एक खोटा आहे. तुमचा खरा असेल तर जीप आत्ताच्या आत्ता निघायला हवी. माझा खरा असेल तर निघायची गरजच नाही."

आप्पारावांना घाम फुटला. आपलं बरोबर, तर नात आजारी. आपलं चूक, तर चाळीस वर्षं पाण्यात! जन्मात पहिल्यांदा त्यांनी मनात म्हटलं, देवा, माझं चुकू दे. पण तोंडाला सवय. तोंड म्हणालं, "मोंढ्याचा काटा चुकत नसतो!"

जीप पाठवून मोंढ्यातलं शिक्का मारलेलं वीस किलोचं लोखंडी माप मागवलं. ते दवाखान्याच्या काट्यावर ठेवलं. बरोबर वीस! मग डॉक्टर पांढऱ्या कोटातच उन्हातून तरातरा मोंढ्याकडे निघाल्या. मागं आप्पाराव, अंजना, मोहिनी आणि माप घेऊन रिकामी जीप. मोंढ्याच्या काट्यावर तेच माप ठेवलं. इथंही बरोबर वीस!

दोन्ही काटे खरे आणि पोरगी मात्र एकीकडे बासष्ट, एकीकडे साडेपन्नास! डॉक्टर सोयाबीनच्या पोत्यावर मटकन बसल्या. मग एकदम उठल्या. "मला मोजा."

त्या काट्यावर चढल्या. आप्पारावांनी आकडा पाहिला, डोळे मिटले, पुटपुटले आणि पुकारलं, "एकोनसाठऽऽ!"

मोहिनी आज पहिल्यांदाच काट्याच्या आजोबांच्या बाजूला उभी होती. "आबा, हितं तर एकसष्ट हाय."

"व्हय मंग. एक बारदाना, एक ओलावा."

"कसला बारदाना?" डॉक्टर ओरडल्या.

"आंगावरचे कपडे, मॅडम. पोत्याचं वजन जसं वजा करतो, तसं. आन उन्हातून चालत आलात, घामेजलात. वला माल हाय, ओलावा नको का कापाया?"

"आणि गेल्या रविवारी मोहिनीचे किती कापले?"

"बारदाना तीन, थंडी वाढली तसे सुटर वाढले ना. ओलावा पाच, आता पळत येती. आन वरले साडेतीन..."

"साडेतीन कशाचे?"

"नाष्टा करून येती, मॅडम! पोटातला नाष्टा आजून तिचा झालाय का?"

अंजना तिथंच बसून हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली.

"म्हंजी पोरगी झिजत न्हाई?" आप्पारावांनी नातीला पोटाशी धरलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"झिजत कसली! साडेतीन किलो वाढलीय!" डॉक्टर म्हणाल्या. "जीप परत पाठवा. जिलेबी बंद. वजन आई करेल, कापाकापी न करता. आणि उद्यापासून रोज अर्धा तास आजोबा-नात दोघांनीही चालायचं."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. डॉक्टर मात्र काट्यावरून उतरेनात.

"आजोबा, तलवाड्याचे मोहनराव ओळखता?"

"न वळखाया काय! देवमानूस. तीस वरीस त्येंचं सोयाबीन मीच मोजतोय."

"ते माझे वडील. दरवर्षी माल घरी मोजून निघतात आणि मोंढ्यात तो कमी भरतो. पोती वाटेत सांडतात की कुणी चोरतं, म्हणून तीस वर्षं डोकं खाजवतायत."

आप्पाराव पत्र्यावरची कबुतरं मोजायला लागले.

"आबा," मोहिनीनं विचारलं, "त्येंचं किती कापलं?"

आप्पारावांनी झटकन तिचा हात धरला. "मॅडम, चालायचं म्हनलात ना?"

"उद्यापासून."

"उद्या कशाला!"

आणि दोघं निघालेसुद्धा. जीपवाला मागून हॉर्न वाजवत राहिला. दर शंभर पावलांवर मोहिनी धापा टाकत तोच प्रश्न विचारी आणि दर वेळी आप्पाराव चाल वाढवीत. अर्ध्या तासाचं चालणं त्या दिवशी आजोबा-नातीनं बारा मिनिटांत उरकलं.